जीभ कुणी गिळत नाही

५ फेब्रुवारी, सोमवार

जावईबापूंची छाती आज चारशे वेळा दाबली. चारशे! माझे खांदे गळून पडलेत आणि ते आपले पडलेत तसेच, तोंड उघडं टाकून. जावईबापू म्हणजे सरावाचा रबरी पुतळा. कमरेपर्यंतच आहे. नाव मी ठेवलं. दिवसभर आडवं पडून सेवा करून घेतो, वर तोंडातून एक शब्द नाही – मग दुसरं काय म्हणायचं?

दुपारच्या सुट्टीत त्यांना उचललं आणि ॲम्ब्युलन्सच्या पुढच्या सीटवर बसवलं. मास्क, टोपी, माझा कोट, वर पट्टा. ड्रायव्हरकाका आले, बसले, पेपर उघडला आणि म्हणाले, "आज लवकर आलास रे." उत्तर नाही. "काय, घरी वाजलं का?" उत्तर नाही. "माझंही तेच आहे बाबा," म्हणाले आणि बायकोची सगळी तक्रार सांगून टाकली त्याला! मी आणि लंबू जिन्यामागे पोट धरून. लंबू म्हणजे माझ्या बॅचचा तो, दारातून वाकून येणारा.

मग नेमका कॉल आला. खराखुरा. काकांनी गाडी चालू केली, पुढे बसायला आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम धावल्या – आणि सीटवर जावईबापू! पट्टा निघता निघेना. खेचून काढून अंगणात टाकले तेव्हा कुठे गाडी सुटली.

मॅडमचं घड्याळ हातात नसतं, छातीवर उलटं टाचलेलं असतं. म्हणून त्या घड्याळबाई. परत आल्यावर त्यांनी मला उभं केलं. ओरडल्या नाहीत. "चाळीस सेकंद गेले," म्हणाल्या. "चाळीस सेकंदांत काय होतं ते तुला अजून माहीत नाही, म्हणून आज घरी पाठवत नाही. पुढच्या वेळी पाठवीन. कायमची."

कॉलवरच्या म्हातारीचा पाय मोडला होता फक्त. चाळीस सेकंदांनी काही बिघडलं नाही. पण मी तसं बोलले नाही. एवढी अक्कल आहे.

६ फेब्रुवारी

ड्रायव्हरकाकांनी आज माझ्याशी बोलायच्या आधी माझ्या गालाला बोट लावून बघितलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांना डबा द्यायला गेले. बाबा चाव्या बनवतात. कोपऱ्यावर त्यांचं टेबल, टेबलावर चाव्या कापायचं मशीन, वर छत्री. एक गिऱ्हाईक स्टुलावर बसलं होतं. मला बघून बाबांची कळी खुलली. लागले सांगायला.

"ही माझी पोर. ॲम्ब्युलन्सवर शिकतेय. उगाच नाही! पाच वर्षांची होती तेव्हा माझा जीव वाचवला हिने."

झालं. आता पूर्ण गोष्ट. बाबांना घरात आकडी आली, पडले, हातपाय झाडायला लागले. आई बाहेर पाणी भरत होती. मी एवढीशी. स्टूल ओढलं, वर चढले, फळीवरचा चमचा काढला आणि बाबांच्या दातांत घातला. जीभ गिळली असती नाहीतर, मेले असते! चमच्याने पुढचा दात मोडला. ते खिंडार अजून तसंच आहे. बाबा बोट लावून दाखवतात – "हा दात पोरीने घेतला, जीव परत दिला. सौदा वाईट नाही."

गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायला लागलं की मला उगाच सरळ उभं राहावंसं वाटलं.

मला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. पण इतक्यांदा ऐकलंय की सगळं डोळ्यांपुढे दिसतं – स्टूल, फळी, चमचा. गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरा वर्षांत आकडी परत आली नाही. पण गोष्ट येतच राहिली. मी नापास झाले की ही गोष्ट. शेजारच्या काकूंच्या दाराला बाहेरून कडी घातली की ही गोष्ट. "असू दे हो, कार्टी आहे, पण वेळेला कामाची आहे." या कोर्सचा फॉर्म बाबांनीच आणला, बाबांनीच भरला. 'हा अभ्यासक्रम का निवडला' पुढे त्यांनी लिहिलं – उपजत आहे.

खरं सांगायचं तर माझ्या नावावर चांगलं असं तेवढं एकच आहे.

१४ फेब्रुवारी, बुधवार

हे आज लिहूनच झोपणार.

आज आकडीचा धडा. मॅडम म्हणाल्या, पेशंट कोण होणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रोगी होण्यात माझा हात कुणी धरत नाही. मागच्या आठवड्यात मी असा हार्ट अटॅक आणला होता की लंबू खरंच रडवेला झाला. तर मी पडले जमिनीवर. डोळे फिरवले, टाचा आपटल्या, तोंडातून फेस – टूथपेस्ट आधीच घातली होती. वर्ग खो खो हसतोय.

मॅडमनी लंबूला विचारलं, "बोल, काय करशील?"

"चमचा घालीन तोंडात."

मी पडल्या पडल्या मनात म्हटलं, शाब्बास! त्याला शंभरपैकी शंभर.

मॅडमचा आवाज एकदम चढला. "चमचा? का? सूप पाजायचंय?" सगळे हसले. मी पण. "जीभ गिळेल म्हणून? जीभ काय गोळी आहे का? खालून घट्ट बांधलेली असते. जीभ कुणी गिळत नाही. आजवर कुणी गिळली नाही. चमच्याने काय होतं ते ऐका. दात मोडतो. मोडका दात श्वासनळीत जातो. रक्त घशात उतरतं. धडधाकट माणूस, आकडी आपोआप थांबली असती, तो तुमच्या चमच्याने गुदमरून मरतो. ही मदत नाही, मारहाण आहे."

मग त्यांनी सांगितलं काय करायचं. जवळचं टोकदार, कडक सगळं बाजूला. डोक्याखाली मऊ काहीतरी. दाबून धरायचं नाही. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स. झटके थांबले की कुशीवर. "सगळ्यात कठीण काम काय माहितीये? काही न करणं. हात शिवशिवतात माणसाचे."

मी जमिनीवरच होते. छत बघत. तोंडात टूथपेस्ट.

"ऊठ गं, संपली तुझी आकडी," मॅडम म्हणाल्या.

मोडका दात श्वासनळीत जातो.

१५ फेब्रुवारी

दिवसभर कुणाची खोडी काढली नाही. लंबूने दोनदा विचारलं, ताप आहे का.

१७ फेब्रुवारी, शनिवार

नुसती जुनी गोष्ट असती तर गिळून टाकली असती. पण तो चमचा अजून घरात आहे!

आईच्या शिलाईमशीनच्या मागे भिंतीला खिळा आहे. त्याला तो चमचा टांगलेला असतो, दांड्याला कापड गुंडाळून. आई शाळेचे गणवेश शिवते, दिवसभर त्याच्याकडे तोंड करून बसते. पंधरा वर्षं. कधी वापरायची वेळ आली नाही म्हणून ठीक. आली तर? आली तर आई तेच करणार. माझ्याकडूनच शिकली ना.

सांगायला पाहिजे. दोन वाक्यांचं काम. 'आई, चमचा घालायचा नसतो. बाबा, मी तुम्हाला वाचवलं नाही, दात पाडला फक्त.' आरशासमोर म्हणून बघितलं. दुसरं वाक्य अर्ध्यातच सोडलं.

म्हणून आपलं नेहमीचं केलं. चमचा चोरला. आई दुकानात दोरे आणायला गेली तेव्हा काढला आणि माझ्या जुन्या बुटात घातला.

संध्याकाळी घरात हलकल्लोळ. बाबा म्हणाले, "चमच्याचा चोर घरातलाच. चेहऱ्यावर लिहिलंय." मी म्हटलं, उंदराने नेला असेल. बाबा म्हणाले, "दोन पायांच्या?" आम्ही दोघं हसतोय. आई हसली नाही.

"प्रत्येक गोष्ट हसण्यावारी न्यायची नसते," म्हणाली. "तो चमचा गंमत नाही."

१८ फेब्रुवारी

खिळ्याला दुसरा चमचा. पहिल्यापेक्षा मोठा.

२० फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी सकाळी चहा पिता पिता मान वर केली. "काही जळतंय का गं? रबर जळल्यासारखं?"

काही जळत नव्हतं. गॅस बंद होता. मी म्हटलं, आईचा स्वयंपाक असेल. आईने लाटणं दाखवलं. हसलो.

मग वर्गात जाऊन बसले आणि एकदम आठवलं. परवाही त्यांनी विचारलं होतं. आणि त्याच्या आधी एकदा टेबलावर – "मशीनमधून वास येतोय का बघ जरा." मॅडमनी त्या धड्यात सांगितलेलं – कुणाकुणाला आकडीच्या आधी नसलेला वास येतो. नसलेला आवाज येतो.

सुट्टीत मॅडमकडे गेले. म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीच्या बाबांना असं असं होतंय.

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "मैत्रिणीला सांग, बाबांना डॉक्टरकडे ने. या आठवड्यात. आणि तिच्या बाबांचं काम काय आहे?"

"चाव्या कापतात. मशीनवर."

"मग मैत्रिणीला सांग, तोपर्यंत मशीन बंद."

घरी येऊन विचारलं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणलीय म्हणे, इतकी वर्षं काही झालं नाही म्हणून. मला कुणी सांगितलं नाही. "तू लगेच डॉक्टरीण झालीस का?" बाबा म्हणाले. डॉक्टर बाहेरगावी, सोमवारी येणार. आणि मशीन बंद ठेवायचं म्हटलं तर, "चावीवाला मशीन बंद ठेवून काय करणार, कुलुपांशी गप्पा मारणार?"

२१ फेब्रुवारी

चावीच्या मशीनचा पट्टा माझ्या बॅगेत आहे. पट्ट्याशिवाय चाक फिरत नाही.

बाबा दिवसभर कानशीने हाताने चाव्या घासत बसले. संध्याकाळी म्हणाले, "भामटे, पट्टा दे."

"कोणता पट्टा?"

"उंदराने नेला काय?"

"मोठे झालेत हो उंदीर हल्ली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रागावणार. नाही रागावले. बोटं चोळत म्हणाले, "सोमवारपर्यंत हं. हात सोलले माझे."

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझी पहिली. खरी.

गाडी शेजारच्याच चौकात होती आणि कॉल आला, बसथांब्यावर एक माणूस पडलाय. मॅडम, मी, ड्रायव्हरकाका. पोचलो तेव्हा गर्दी. आत एक माणूस, पस्तिशीचा, ऑफिसचे कपडे, आकडी चालू. दोघांनी त्याचे हात दाबून धरलेले, एक बाई पायावर बसलेली, आणि एक आजोबा गुडघे टेकून त्याच्या दातांत कंगवा घालायला बघत होते. आजोबांच्या डोळ्यांत पाणी. "जीभ, जीभ," म्हणत होते.

मी अशी ओरडले की माझी मीच दचकले. "हात काढा! सगळ्यांनी! कंगवा टाका!"

मॅडम माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि पुढे आल्याच नाहीत. मला कळलं, मलाच करायचंय.

लोखंडी बाकड्यापासून त्याचं डोकं दूर, माझा कोट घडी करून डोक्याखाली. कॉलर सैल केली. घड्याळ बघितलं. आणि मग – काही नाही. बसून राहिले. आईशप्पथ, इतकं जड काम नाही केलं कधी. हात शिवशिवतात म्हणजे काय ते कळलं. तो माणूस झटके खातोय आणि मी सेकंद मोजतेय, वरून लोक म्हणतायत, "अहो ही बघत काय बसलीय, काहीतरी करा!" आमच्या येण्याच्या आधीचं धरून चार मिनिटं झाली असतील. थांबली. कुशीवर घेतलं. घोरल्यासारखा श्वास, मग नीट.

त्याने डोळे उघडले. कुठे आहे कळेना. मी हळूहळू सांगितलं – बसथांबा, आज शुक्रवार, तुम्हाला आकडी आली होती, आता थांबलीय, मी इथेच आहे. मग त्याचा हात पँटकडे गेला. ओली होती. त्याने वर बघितलं. चाळीस माणसं उभी. असा चेहरा झाला त्याचा की काय सांगू.

मी पाण्याची बाटली काढली, प्या म्हटलं, आणि अख्खी उलटी केली त्याच्यावर. "अग्गं बाई! सांडलं! सॉरी सॉरी, माझा हातच असा, धांदरट!" अर्धी माझ्या अंगावर पण घेतली. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, काय वेंधळी पोरगी पाठवतात. ड्रायव्हरकाका पुढे आले आणि मला मोठ्याने झापायला लागले, "एवढं पाणी! गाडी कोण पुसणार?" त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं तेव्हा समजलं, काका सामील आहेत.

त्या माणसाने स्ट्रेचरवर माझं बोट धरलं. हॉस्पिटलपर्यंत सोडलं नाही.

परत येताना मॅडम म्हणाल्या, "रिपोर्टात पाणी सांडलं असं लिहू नकोस." थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "हे कुठल्या धड्यात नाही."

मला सारखे ते आजोबा आठवतायत. कंगवा धरलेले हात. वाईट माणूस नव्हता. मारायला नव्हता आला. उद्या सांगते घरी. नक्की.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

सकाळी, चहाच्या वेळी. आई मशीनवर, बाबा खुर्चीत. आधी आजोबांची गोष्ट सांगितली, कंगव्याची. बाबा म्हणाले, "अरे वा, तुझाच चेला."

म्हटलं, "बाबा, ते चूक असतं. जीभ कुणी गिळत नाही. चमच्याने जीव वाचत नाही, जातो. मी तुम्हाला वाचवलं नव्हतं. दात पाडला. तो दात घशात गेला असता तर तुम्ही–" मग आईकडे वळले. "आई, तो चमचा काढ. हात जोडते."

मशीन थांबलं होतं. बाबांनी आईकडे बघितलं. आई सुईकडे.

बाबा म्हणाले, "अगं, पाच वर्षांची होतीस. जाऊ दे. आपलेच दात, आपलेच ओठ."

"जाऊ दे काय! परत आली तर?"

आई उठली. "दोन महिने कुठे शिकायला गेली, तर आम्हाला अक्कल शिकवते," म्हणाली. एवढा तिखट आवाज तिचा मी ऐकला नव्हता कधी. "पंधरा वर्षं सांभाळलं मी यांना. तुझ्या मॅडमनी नाही." आणि आत गेली. किती तरी वेळ नळ चालू होता. भांडी नव्हती घासायला.

चमचा खिळ्यावरच.

२६ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर. गोळी परत पूर्ण केली. म्हणाले, परिणाम व्हायला थोडे दिवस लागतील, तोवर सांभाळा. मशीन आठवडाभर बंद. बाबांनी ऐकलं, कारण डॉक्टर पुरुष आणि टकला आहे. मी म्हटलं तर मी भामटी.

पट्टा माझ्याकडेच.

२७ फेब्रुवारी

संध्याकाळी बाबांबरोबर टेबलापाशी बसले. एक पोरगा कुलूप घेऊन आला, दहाबारा वर्षांचा. बाबा हसले तसा म्हणाला, "काका, तुमचा दात कसा पडला?"

मी चाव्या मोजायला लागले.

"पायरीवरून घसरलो," बाबा म्हणाले. आणि कुलपात तार घातली.

एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्यावर उपकार म्हणून ती गोष्ट सांगितली नाही हे मला कळतं. तरी मी उठून घरी आले. पंधरा वर्षं मी त्या दातात राहत होते.

२८ फेब्रुवारी

आई बोलत नाही. म्हणजे बोलते – "भात घे", "दार लाव". कोर्सची वही कुठेतरी ठेवली मी, सापडत नाही, तर विचारायचीही सोय नाही. परीक्षा दहा दिवसांवर. सगळे धडे त्या वहीत, चित्रांसकट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चमचा तिथेच आणि घरातलं हसणं मात्र गेलं.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी पावणेदोन. मी गाडीत ऑक्सिजनचे सिलिंडर मोजत होते. फोन वाजला. आई. आई मला ड्युटीवर कधी फोन करत नाही.

मी हॅलो म्हणायच्या आत ती सुरू झाली. आवाज सपाट. पाढे म्हटल्यासारखा.

"एक वाजून बावीस मिनिटांनी सुरू झाली. जेवून उठले होते. खुर्ची बाजूला केली. मशीनच्या पायाला उशी लावली, डोक्याखाली माझी साडी. हात धरले नाहीत. दोन मिनिटं चाळीस सेकंद. थांबल्यावर डाव्या कुशीवर घेतलं. श्वास नीट आहे. तोंडात काही घातलं नाही."

मी सिलिंडरला धरून उभी.

"ऐकतेयस ना?"

"हो."

"तोंडात काही घातलं नाही," परत म्हणाली. "मग डोळे उघडले. तू लिहिलंयस तसं प्रश्न विचारले. आज वार कोणता – चुकला. मी कोण – तर माझं नाव घेतलं." इथे तिचा आवाज जरा हलला. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. एरवी आपलं अगं, ऐकलंस का."

"मी लिहिलंय तसं म्हणजे?"

"तुझी वही माझ्याकडे आहे. रविवारपासून वाचतेय. अक्षर आहे का ते? मुंग्या आहेत." आई चौथीपर्यंत शिकलीय. बोट ठेवून वाचते, एका ओळीला मिनिट लागतं. "चित्रं बरी आहेत. ती शिंगंवाली बाई कोण?"

मॅडम माझ्या शेजारीच उभ्या होत्या. फोन मोठ्याने चालू होता.

"कुणी नाही," मी म्हटलं.

मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला. म्हणाल्या, "मीच ती शिंगंवाली. फार छान केलंत तुम्ही. अगदी घड्याळासकट. आता आम्ही निघतोच." आणि गाडीत बसल्या. काकांनी सायरन लावला नाही, पण गाडी अशी हाणली की गल्लीतली मांजरं भिंतीवर.

घरी पोचले तर बाबा भिंतीला टेकून बसलेले, थकलेले, पांढरे. मला गणवेशात बघून म्हणाले, "या डॉक्टरीणबाई. आज तुमची गरज पडली नाही." मी नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं आणि रडले. मॅडमसमोर. मोजणी चुकली, परत मोजली.

आई कोपऱ्यात उभी. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले, घट्ट. मी सोडवायला गेले तर गार होते बर्फासारखे. हात शिवशिवले असतील ना गं, म्हटलं. ती मान हलवत राहिली नुसती, हो हो हो.

२ मार्च, शनिवार

बाबा झोपलेत. आई मशीनवर होती, मी खाली बसून बटणं लावत होते. पाय न थांबवता, माझ्याकडे न बघता बोलली.

"मी पाणी भरायला गेले नव्हते. घरातच होते. चमचा माझ्या हातात होता. दोन्ही हातांनी दाबत होते. शेजारचे आले तेव्हा सगळीकडे रक्त. म्हणायला लागले, बाईने नवऱ्याचं तोंड फोडलं. यांना शुद्ध आली, मला बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलले – पोरीने वाचवलं मला. पोरीला कोण बोट दाखवणार."

मी विचारलं, मग मी कुठे होते?

"खाटेवर. टाळ्या वाजवत होतीस. तुला हसवायला रोज असेच पडायचे ना ते. अजून, अजून, म्हणत होतीस."

मशीन थांबलं.

"तुझ्या वहीप्रमाणे बघितलं," आई म्हणाली, "तर त्या दिवशी घरात तुझंच काय ते बरोबर होतं."